आधी यंत्राला विचारा, मग आज्ञा द्या!



फोटोंशी आपला रोजचाच संबंध. वृक्षारोपणाचा फोटो, पालकसभेचा फोटो, शिष्यवृत्तीच्या अर्जावरचा विद्यार्थ्याचा फोटो, आणि वर 'इतक्याच केबीत बसवा' ही सूचना! यातले बहुतेक फोटो 'जेपीजी' असतात. मोबाइल कोणत्याही कंपनीचा असो, संगणक नवा असो की शाळेच्या कपाटातला जुना, फोटो उघडतोच. आपण हे गृहीत धरतो. पण हे आपोआप झालेलं नाही. काही माणसांनी त्यासाठी फार समजूतदारपणे काम केलं आहे. ती कामाची पद्धत आपण शिक्षकांनी, आणि शाळांसाठी ॲप बनवणाऱ्यांनीही, उचलावी असं माझं स्पष्ट मत आहे. कसं ते सांगतो.

फोटो लहान होतो म्हणजे काय?

जेपीजी पद्धतीत चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात रंग हळू बदलतो की भराभर, हे गणिताने मोजतात. डोळ्याला फारसे न जाणवणारे बारकावे कमी करतात आणि उरलेलं थोडक्यात लिहून ठेवतात. यामागचं गणित १९७४ साली प्रसिद्ध झालं. ते मांडणाऱ्या तिघांपैकी नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. मुलांना हे जरूर सांगा.

गणित कागदावर होतं, पण ते संगणकाकडून करून घ्यायला प्रोग्रॅम हवा. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये टॉम लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'इंडिपेंडंट जेपेग ग्रुप' या गटाने असा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. त्याला 'लिबजेपेग' म्हणतात. ही एक लायब्ररी आहे, म्हणजे इतर प्रोग्रॅमना आयतं वापरता येईल असं तयार काम.

एक प्रोग्रॅम, अनेक यंत्रे

आता त्या काळातली अडचण बघा. कुणाकडे डॉसचा संगणक, कुणाकडे मॅकिंटॉश, कुणाकडे अमिगा, विद्यापीठांत युनिक्स. आपल्या पुण्यात सी-डॅकने त्याच १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, त्याची रचना तर आणखी वेगळी. शिवाय माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारा जो कंपायलर, तोही ठिकठिकाणी वेगळा.

एक उदाहरण घेऊ. ठिपक्याचा उजेड ० ते २५५ या आकड्यांत लिहितात. संगणकातल्या एका लहान खणात २५६ वेगवेगळ्या किमती मावतात. पण काही कंपायलर हा खण ० ते २५५ असा वाचतात, तर काही -१२८ ते १२७ असा. मग एका यंत्रावरचा २०० हा उजळ ठिपका दुसऱ्या यंत्रावर -५६ होतो! चूक ठिपक्याची नाही, वाचणाऱ्याची सवय वेगळी.

दुसरं उदाहरण मेमरीचं. ६४० × ४८० ठिपक्यांचा रंगीत फोटो पूर्ण उलगडला तर ९,२१,६०० बाइट लागतात. डॉसच्या संगणकात साध्या प्रोग्रॅमच्या वाट्याला ६४० केबीच्या आतली जागा. म्हणजे अख्खा फोटो एका वेळी मावतच नाही. 'तुमचा संगणक बदला' असं या मंडळींनी म्हटलं नाही. शक्य तिथे फोटो काही ओळींच्या पट्ट्या करून हाताळला. अख्खा फोटो लागतोच अशा ठिकाणी न मावणारा भाग तात्पुरता डिस्कवर ठेवला.

त्यांच्या तीन सवयी

पहिली सवय: गृहीत धरू नका, विचारा. युनिक्सवर ही लायब्ररी बसवताना आधी 'कॉन्फिगर' नावाची लिपी चालवतात. ती कंपायलरच्या नावावर विसंबत नाही. ती त्याला छोटी छोटी कामं देऊन बघते. हे जमतं का? होय. ते जमतं का? नाही. तशी नोंद करते. जिथे ही लिपी चालत नाही तिथल्यासाठी वेगळा छोटा तपासणी-प्रोग्रॅम दिलेला आहे. वरचा २०० आणि -५६ चा घोळ तोसुद्धा करूनच तपासतो.

दुसरी सवय: फरक एका जागी लिहा. यंत्रायंत्रातले हे फरक 'जेकॉन्फिग' नावाच्या एका छोट्या फाइलीत जातात. मेमरी सांभाळणारा भाग यंत्राप्रमाणे बदलता येतो. मूळ गणित मात्र सगळीकडे तेच. ओळखीच्या कंपायलरांसाठी ही फाइल आधीच भरून ठेवलेली मिळायची. काही जुन्या कंपायलरांना सी भाषेची नवी लेखनपद्धत कळत नसे. त्यांच्यासाठी जुन्या पद्धतीत रूपांतर करणारं साधनही सोबत दिलं होतं.

तिसरी सवय मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: परीक्षा सगळ्यांना एकच. जुळणी झाली की चाचणी घ्यायची. सोबत गुलाबाचा एक नमुना फोटो येतो. तो उलगडून आणि पुन्हा दाबून बघायचा. आलेलं उत्तर ठेवलेल्या नमुन्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे. यंत्र गरीब आहे म्हणून गुलाब थोडा बिघडला तरी चालेल, अशी सवलत नाही.

मग आपल्या वर्गात काय?

आमच्या सावेडीत पाइपलाइन रोडला बंगले आहेत आणि जवळच एमआयडीसी. एकाच बाकावर नोकरदाराचं मूल, कारखान्यातल्या कामगाराचं मूल आणि घरी हिंदी बोलणारं मूल बसतं. पाठ्यपुस्तक तेच, अध्ययन निष्पत्तीही त्याच. इथे आपल्या हातून दोन टोकं होऊ शकतात. एक, सगळी मुलं सारखीच आहेत असं धरून शिकवत सुटायचं. दोन, 'त्याच्या घरी कोणी बघणारं नाही, त्याला एवढं आलं तरी पुष्कळ' म्हणून अपेक्षाच कमी करायची. दुसरं टोक दयाळू दिसतं, पण ते जास्त घातक आहे. मुलाला वाचता येत नाही ही गोष्ट आपण 'समजून घेण्या'च्या पांघरुणाखाली झाकून टाकतो आणि ते तसंच पुढच्या वर्गात जातं.

आडनाव, पत्ता, वडिलांचं काम किंवा मागच्या वर्षीचे गुण यावरून अंदाज बांधू नका. जूनमध्येच छोटी छोटी कामं द्या: हे वाक्य वाच, हे दहा खडे मोज, हे चित्र बघून सांग. येतं-येत नाही याची नोंद एका वहीत करा. शिकवण्याची वाट त्या नोंदीप्रमाणे बदला. शेवटचा गुलाब मात्र सगळ्यांचा एकच ठेवा.

मला हेच शाळांसाठी ॲप आणि पोर्टल बनवणाऱ्यांनाही म्हणायचं आहे. एखादं ॲप फक्त नव्या मोबाइलवर आणि चांगल्या नेटवर चालत असेल, तर ज्या घरात एकच जुना फोन आहे आणि तोही वडिलांबरोबर कामाला जातो, त्या घरातलं मूल आपोआप बाहेर पडतं. २०२० मध्ये शाळा बंद असताना हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आधी तपासा, मग ॲप द्या. नेट नसेल तर काम फोनमध्येच साठवून ठेवण्याची सोय हवी. फोटो मोठा असेल तर तो लहान करण्याचं काम ॲपने स्वतः करावं. शिक्षकाने केबी मोजत बसू नये!

आक्षेप आणि उत्तर

कोणी म्हणेल, जुन्या यंत्रांच्या मागे लागलो तर नवी मागे पडतील. तसं होत नाही. याच लायब्ररीवरून पुढे 'लिबजेपेग-टर्बो' तयार झाली आणि आज क्रोम, फायरफॉक्ससारखे ब्राउझर ती वापरतात. प्रोसेसरमध्ये एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करण्याची खास सोय असेल तर ती तिचा फायदा घेऊन वेगाने पळते. नसेल तर साध्या वाटेने तेच काम पूर्ण करते. हुशार मुलाला पुढचं गणित द्यायला कोणी अडवलेलं नाही. पण त्यासाठी मागच्याला दाराबाहेर ठेवायची गरज नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. पट मोठा, ऑनलाइन माहित्या रोजच्या, एवढं तपासायचं कधी? अडचण खरी आहे. पण जुळणी सुरुवातीला एकदाच नीट करावी लागते. ती टाळली तर वर्षभर प्रत्येक पाठाला अडखळावं लागतं. म्हणून माझी मागणी अशी की जूनचे पहिले दोन आठवडे वर्गशिक्षकाला फक्त मुलं ओळखण्यासाठी मोकळे मिळावेत. त्या काळात कोणतीही माहिती, कोणताही फोटो मागू नये.

तुमच्या वर्गाची 'जेकॉन्फिग' फाइल कशी दिसते? पहिल्या आठवड्यात तुम्ही मुलांना कोणती छोटी कामं देता? जरूर कळवा. एकाने भरून ठेवलेली फाइल दुसऱ्याच्या उपयोगी पडते, हे तर आपण आत्ताच पाहिलं.