चुकीच्या पेजवरचा पॉपअप: तो कुठे दिसू नये, हे कोण ठरवणार?

रात्रीचे अकरा चाळीस. माझा मामेभाऊ मोबाइलवर एका प्रवेशाचा फॉर्म भरत होता. शेवटची तारीख तीच. नाव, पत्ता, गुण, जातीच्या दाखल्याचा क्रमांक, सगळं टाकून झालं होतं. तेवढ्यात स्क्रीनभर एक चौकोन आला: 'काही मदत हवी आहे का? आमच्याशी बोला!' त्याला फुली होती, पण कीबोर्ड उघडा असल्यामुळे ती स्क्रीनच्या बाहेर गेली होती. मग त्याने जे आपण सगळेच करतो तेच केलं. बॅक दाबलं. पॉपअप गेला, पण फॉर्मही गेला. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मदत विचारणारा पॉपअप वाईट होता का? नाही. तोच पॉपअप साइटच्या पहिल्या पेजवर आला असता, तर त्याचा उपयोगही झाला असता. चुकलं ते पेज. आणि सध्या पॉपअपबद्दल जेवढे नियम आहेत, त्यांतले बहुतेक नेमकं हेच बघत नाहीत.

पॉपअपचा जन्मच 'पेज'मुळे झाला

१९९०च्या दशकात अमेरिकेत ट्रायपॉड नावाची साइट होती. तिथे कुणालाही स्वतःचं पेज बनवता यायचं आणि त्यावर जाहिराती दिसायच्या. एका मोठ्या कार कंपनीची जाहिरात नेमकी एका अश्लील विषयाच्या पेजवर झळकली आणि कंपनी भडकली. त्यावर उपाय म्हणून तिथे काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडणारा कोड लिहिला. म्हणजे जाहिरात दिसेल, पण त्या पेजशी तिचा संबंध लागणार नाही. २०१४मध्ये 'द अटलांटिक'मधल्या लेखात त्यांनी याबद्दल जाहीर माफी मागितली.

आता गंमत बघा. चुकीच्या पेजवर दिसण्याचा त्रास तेव्हा जाहिरातदाराला झाला, म्हणून लगेच उपाय निघाला. तोच त्रास आज तुम्हा-आम्हाला होतो, पण आपल्यासाठी कुणी घाईने कोड लिहीत नाही.

पॉपअप कधी, कुठे येणार हे ठरतं कसं?

वेगळी खिडकी उघडणारे जुने पॉपअप ब्राउझर आता स्वतःच अडवतात. आज दिसतो तो पेजच्या आतच, मजकुरावर पसरलेला थर. साइटवाले तो बहुतेक वेळा तयार प्लगइन किंवा टूलने बसवतात. त्यात साधारण चार गोष्टी ठरवायच्या असतात: कोणत्या पेजवर, किती वेळाने, कुणाला आणि किती वेळा. यातल्या पहिल्या प्रश्नाला 'सगळ्या पेजवर' हे सर्वांत सोपं उत्तर असतं. अनेक जण तेच निवडून मोकळे होतात. नको असलेली पेज वगळण्याची सोय बहुतेक टूलमध्ये असते आणि ते काम पाच मिनिटांचं आहे.

पण वगळूनही कधीकधी घोळ होतो. आजच्या बऱ्याच साइट ॲपसारख्या चालतात. तुम्ही एका पेजवरून दुसऱ्यावर जाता, वरचा पत्ता बदलतो, पण साइट पुन्हा लोड होत नाही. 'वीस सेकंदांनी दाखव' असा टायमर पहिल्या पेजवर सुरू झालेला असतो. वीस सेकंद संपतात तेव्हा तुम्ही कार्डचा नंबर टाकत असता. टूलने पत्ता फक्त सुरुवातीला तपासलेला असेल, तर त्याच्या मते तुम्ही अजून पहिल्याच पेजवर आहात! म्हणून तपासणी टायमर सुरू होताना नाही, तर पॉपअप दाखवण्याच्या क्षणी व्हायला हवी. वेबसाइट बनवायला शिकत असाल, तर एवढी एक ओळ लक्षात ठेवा.

नियम आहेत, पण नजर दुसरीकडे आहे

गूगलने १० जानेवारी २०१७पासून मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या पॉपअपसाठी साइटचा सर्चमधला क्रमांक खाली जाऊ शकतो, असा नियम लागू केला. तो महत्त्वाचा होताच. पण तो सर्चमधून तुम्ही थेट ज्या पेजवर उतरता, त्यापुरता आहे. तिथून आत गेल्यावर, म्हणजे फॉर्म, लॉगिन, पेमेंट या पेजवर काय दिसतं, याच्याशी या नियमाला देणंघेणं नाही.

पुढे क्रोमने त्रासदायक जाहिराती गाळायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१८मध्ये काही देशांत आणि जुलै २०१९पासून जगभर. मोबाइलवरच्या पॉपअप जाहिराती त्या यादीत आहेत. पण तिथे 'जाहिरात' म्हणजे दुसऱ्या कंपनीने पैसे देऊन लावलेली. साइटचा स्वतःचा 'आमचं ॲप घ्या' हा पॉपअप त्यातून निसटतो.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. डार्क पॅटर्न म्हणजे तुम्हाला फसवून किंवा कंटाळवून हवं ते करून घेणारी रचना. असे १३ प्रकार त्यात दिले आहेत. त्यातला एक आहे सतत पिच्छा पुरवणं. ॲप डाउनलोड करा म्हणून पुन्हा पुन्हा विचारणं, 'नाही' म्हणायची सोय न देता नोटिफिकेशन किंवा कुकीसाठी मागे लागणं, ही त्यातलीच उदाहरणं. जून २०२५मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं.

हे पाऊल चांगलं आहे. पण इथे मोजलं जातं ते 'किती वेळा विचारलं'. माझ्या मामेभावाला पॉपअप एकदाच आला होता. नुकसान व्हायला तेवढं पुरलं.

आता नवे पॉपअप येणार

हा विषय आज काढायचं कारण वेगळं आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीशी संबंधित मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू होणार आहेत. तुमची माहिती संमतीच्या आधारावर वापरायची, तर ती संमती स्पष्टपणे आणि सोप्या भाषेत मागावी लागेल. ती विनंती इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्यात आहेच. दिलेली संमती काढून घेणंही तेवढंच सोपं असायला हवं.

कायदा 'पॉपअपच दाखवा' असं म्हणत नाही. पण युरोपात काय झालं ते बघा. तिथे संमतीचे नियम कडक झाले आणि साइट उघडली की कुकीचा चौकोन समोर, हे रोजचं झालं. 'हो' एका टॅपमध्ये आणि 'नाही' मात्र तीन पायऱ्या आत, अशी रचना केल्याबद्दल फ्रान्सच्या डेटा नियामकाने जानेवारी २०२२मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. लोक इतके वैतागले, की नोव्हेंबर २०२५मध्ये युरोपीय आयोगाने स्वतःच हे चौकोन कमी करण्याचा प्रस्ताव मांडला.

घाईत असलेला माणूस पॉपअप वाचत नाही, तो फक्त वाटेतून बाजूला करतो. फॉर्म भरण्याच्या मधोमध मागितलेली संमती ही खरी संमती नसते, ती सुटका असते. म्हणजे चुकीच्या पेजवर विचारलं, तर कायद्याचा हेतूच बुडतो. आपल्या साइटना अजून वेळ आहे. पेज आत्ताच ठरवावीत.

पॉपअप नकोच अशी पेज

माझी यादी ही:

- फॉर्म आणि लॉगिन. इथे बॅक दाबलं की भरलेलं जाऊ शकतं.
- पेमेंट आणि ओटीपी. इथे वेळ मोजलेला असतो. शिवाय अनोळखी चौकोन दिसला की माणूस घाबरतो, किंवा खोट्या चौकोनांना सरावतो. दोन्ही धोक्याचं.
- निकाल आणि हॉल तिकीट. बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकून श्वास रोखून बसलेल्या मुलाला कोर्सची ऑफर दाखवू नये.
- तातडीची माहिती. हॉस्पिटलचा फोन नंबर, पुराचा इशारा, रद्द झालेली गाडी.
- तक्रार आणि सदस्यत्व रद्द करण्याचं पेज. इथे 'थांबा, जाऊ नका' म्हणणं म्हणजे दार अडवणं.

साइटवाले म्हणतील, पॉपअप बंद केले तर ग्राहक कसे मिळणार? प्रश्न रास्त आहे. लहान दुकानदाराला किंवा ब्लॉगरला त्यातूनच संपर्क मिळतात. पण लेख वाचून संपल्यावर, किंवा ऑर्डर पूर्ण झाल्याच्या पेजवर विचारायला कुणाची हरकत नसते. अवेळी विचारल्याने काय होतं, हे मोझिलाने २०१९मध्ये फायरफॉक्सबद्दल सांगितलंच होतं: साइटनी मागितलेल्या नोटिफिकेशन परवानग्यांपैकी सुमारे ९९ टक्के स्वीकारल्याच जात नव्हत्या.

तोवर तुम्ही काय करू शकता?

क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये पॉपअप बंद करण्याचं बटण आहे. पण ते वेगळ्या खिडकीतल्या पॉपअपसाठी, पेजच्या आतल्या थरासाठी नाही. त्याच ठिकाणी नोटिफिकेशनची विनंतीच बंद करता येते, ती जरूर करा. फॉर्म भरताना पॉपअप आला तर आधी कीबोर्ड खाली करा आणि फुली शोधा, लगेच बॅक दाबू नका. मोठी उत्तरं आधी नोट्स ॲपमध्ये लिहून ठेवा. खरेदीची साइट पिच्छा सोडत नसेल, तर स्क्रीनशॉट काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. नंबर १९१५.

मामेभावाचा फॉर्म अकरा अठ्ठावन्नला गेला. दोन मिनिटं राखून. 'आमच्याशी बोला' म्हणणारा तो पॉपअप दुसऱ्या वेळी फॉर्म भरतानाही आला होता. या वेळी त्याने आधी कीबोर्ड खाली केला.