वटवाघळांची शिरगणती

मोजणे हा आपला आवडता छंद आहे. धोब्याकडे कपडे मोजून द्यायचे, पंक्तीत पाने मोजायची, शेजाऱ्याकडे पाहुणे किती उतरले तेही खिडकीतून मोजायचे. पण कोणी वटवाघळे मोजतो म्हटलं, की मंडळी त्याच्याकडे अशा नजरेने बघतात, जणू तोच झाडाला उलटा लटकला आहे!

आमच्या आळीत एक सद्‌गृहस्थ आहेत. कोपऱ्यावरच्या वडाकडे बोट दाखवून ते ठणकावून सांगतात, "लाखभर तरी असतील! तोडून टाका ते झाड!" एरवी दूधवाल्याशी पाव लिटरवरून हुज्जत घालणारा हा माणूस वटवाघळांच्या बाबतीत मात्र थेट लाखाच्या घरात जातो.

खरी मोजणी अशी अंदाजपंचे होत नसते. संध्याकाळी ती झाडावरून, गुहेतून बाहेर पडू लागली, की खाली बसून टिपत राहायचं. दरवर्षी, त्याच जागी, त्याच सुमारास. मान अवघडते, डास फोडून काढतात, डोक्यावर प्रसाद पडतो तो निराळाच. ब्रिटनमध्ये १९९६ पासून हौशी माणसं देशभर हा उद्योग करत आली आहेत.

बरं, नुसती डोकी मोजून भागत नाही. त्यांतली जगली किती, तेही कळायला हवं. म्हणून काहींच्या हाताला बारीकसं कडं घालून सोडतात. सायबेरियात १९६४ साली कडं घातलेलं एक वटवाघूळ २००५ मध्ये पुन्हा हाती लागलं. वजन सातेक ग्रॅम आणि मधे गेली ४१ वर्षं! तेवढ्यात माणसाला नोकरी लागून पेन्शनही सुरू होते.

सगळं मर्म या आयुष्यात आहे. उंदरीण वर्षभरात घर भरून टाकते. मोठ्या फळखाऊ वटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते. म्हणजे यांचा संसार चालतो तो दीर्घायुष्यावर. कर्ती मंडळी गेली, की घर बसलंच. आणि ते बसताना दिसतं फक्त मोजणाऱ्याला. बाकीच्यांना झाडावर शंभर उरली तरी 'लाखभर'च दिसतात!

मॉरिशसचंच बघा. पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसंही तिथे नांदताहेत. लिची-आंबे खातात म्हणून सरकारने २०१५ आणि २०१६ मध्ये तिथली हजारो वटवाघळं मारली. मुळात आहेत किती, यावर सरकारचं आणि अभ्यासकांचं जमेना. बंदुकीचं मात्र जमलं. मॉरिशस आणि शेजारचं रियुनियन सोडलं तर ही जात जगात कुठे नाही. २०१८ मध्ये तिचं नाव जागतिक यादीत 'संकटग्रस्त' म्हणून लागलं. बागाईतदाराचं नुकसान खोटं नाही हो! पण त्याला झाडावर टाकायला जाळी द्या, काडतुसं कशाला?

आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळखाऊ वटवाघळांना उंदीर-कावळ्यांच्या पंक्तीला बसवून 'उपद्रवी' ठरवलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच निघाली. कायद्याला सुधारायला पन्नास वर्षं लागली; माणसांना किती लागतील, हे मात्र कोणी मोजलेलं नाही.

तेव्हा कुऱ्हाड घेऊन निघालेल्यांना एवढंच सांगणं आहे : आधी मोजा. एक संध्याकाळ नव्हे, चांगले दहा पावसाळे मोजा. वाढलेली दिसली तर बसून बोलू. आणि घटलेली दिसली, तर? तर कुऱ्हाडीला दांडा नाही असं समजा!