सौद्यांच्या दालनाची वाट

बारावीचा निकाल लागला, की नाशिक-कोल्हापूरकडील सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे एक नवा प्रश्न कानी येऊ लागला आहे : मुलाला इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जावयाचे आहे, तर त्याला कोणत्या महाविद्यालयात घालावे? प्रश्न विचारणाऱ्या वडिलांच्या मनात बँक म्हणजे खिडकीपलीकडचा रोखपाल असतो आणि मुलाच्या मनात परदेशी पेढीचा वार्षिक तनखा. प्रत्यक्ष व्यवसाय या दोहोंहून निराळा आहे. कंपन्यांना भांडवल उभारून देणे, एका कंपनीला दुसरी विकत घ्यावयाची झाल्यास तिचे मोल ठरवून सौदा तडीस नेणे आणि त्याबद्दल मेहनताना घेणे, हे त्याचे स्वरूप. १९९२ पर्यंत आपल्याकडे नव्या समभागांची किंमत दिल्लीतील भांडवल-नियंत्रकाच्या कचेरीच्या मर्जीने ठरे. त्या वर्षी त्या नियंत्रणाचा कायदा रद्द झाला, ‘सेबी’ला वैधानिक अधिकार मिळाले, आणि मगच या धंद्याला येथे खरा बहर आला.

अमुक महाविद्यालयाचा शिक्का असल्यावाचून या दालनात प्रवेश नाही, ही समजूत सर्वस्वी निराधार नाही. सौदे करणाऱ्या पेढ्या मोजक्याच संस्थांच्या दारी जातात : १९६१ साली स्थापन झालेल्या अहमदाबाद व कलकत्ता येथील व्यवस्थापन संस्था, १९७३ ची बंगळूरची, आणि आणखी थोड्या, मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये सुरू केलेली चर्चगेटची जमनालाल बजाज संस्थाही त्यांत येते. परंतु तेथील निवडीची रीत जवळून न्याहाळली, म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात करावयाच्या उमेदवारीसाठी पेढ्या विद्यार्थी हेरतात ते प्रवेशानंतर अवघ्या काही महिन्यांत, आणि कायम नेमणुकांपैकी पुष्कळशा पुढे त्या उमेदवारांच्याच पदरात पडतात. प्राध्यापकांनी मूल्यांकनाचे पहिले सूत्र नीटसे समजावून देण्याआधीच निवडीचा निम्मा निकाल लागलेला असतो. मग पेढ्या पाहतात तरी काय? दहावी-बारावीचे आणि पदवीचे गुण, सनदी लेखापालाची परीक्षा पहिल्या प्रयत्नात सुटली असल्यास ती, एखादे काम मन लावून केल्याचा दाखला. सारांश, पंधराव्या वर्षापासून बाविसाव्यापर्यंतची मशागत. म्हणून पदवीची ती वर्षे निर्णायक आहेत, हे मला पूर्ण मान्य आहे. ती कोठे घालवावी याविषयी मात्र प्रचलित मताशी माझे जुळत नाही.

नवख्याला येथे काय करावे लागते, ते पाहा. एखादी कंपनी बाजारात समभाग विकावयास निघाली, की तिच्या माहितीपत्रकाचा मसुदा तयार होतो. तो कित्येकदा चारशे-पाचशे पानांचा असतो आणि त्यातील प्रत्येक विधानामागे दस्तऐवजाचा आधार असावा लागतो. ‘कंपनीचे चौदा कारखाने आहेत’ एवढे साधे वाक्य असले, तरी चौदा परवाने काढून, एकेकाशी ताडून, आकड्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ करावे लागते. आणि रात्री दोन वाजता तेरावा परवाना गतवर्षीच मुदतबाह्य झाल्याचे ध्यानात आले, तर सकाळच्या बैठकीपूर्वी ते वाक्य बदलणे भाग पडते. झगमगीत सौद्याची आतली बाजू ही अशी असते. हिला लागणारी रुजुवात करण्याची सवय जेवढी ३१ मार्चला भिवंडीच्या गोदामात कापडाच्या गाठी मोजत, नोंदवहीशी मेळ बसेना म्हणून त्या पुन्हा मोजणाऱ्या, लेखापालाकडे आर्टिकलची उमेदवारी करणाऱ्या मुलाला लागते, तेवढी ती वातानुकूलित वर्गात परकीय कंपन्यांची उदाहरणे चर्चिणाऱ्याला लागेल, असे मला वाटत नाही.

याच कारणाने मुंबईच्या वाणिज्य महाविद्यालयांतील सकाळच्या वर्गांची जी थट्टा होते, तीत मला सामील होता येत नाही. सातला तासाला बसावयाचे आणि दहाच्या सुमारास एखाद्या लेखापरीक्षकाच्या कचेरीत हजर व्हावयाचे, हा क्रम तेथील कैक मुलांनी वर्षानुवर्षे पाळला. १९१३ साली निघालेले सिडनहॅम, माटुंग्याचे १९४१ चे पोदार आणि पुण्याचे १९४३ चे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय यांच्या लौकिकात अध्यापनाचा वाटा आहेच. पण महाविद्यालयाबाहेर पाऊल टाकताच पेढ्या, वकील, लेखापाल आणि बाजार हाताशी असावेत, हा शहराने दिलेला वाटाही लहान नव्हे. (नाटकांच्या तालमी आणि वादविवाद या मुलांच्या वाट्याला फारसे येत नाहीत, याची खंत मलाही वाटते.)

विषयाच्या बाबतीतही पालकांनी उगाच धास्तावू नये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी केंब्रिजला निसर्गविज्ञान घेतले होते आणि वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळविले होते. वित्तव्यवहाराशी त्यांची गाठ पडली ती आय.सी.एस. झाल्यानंतर. गणित, संख्याशास्त्र वा अभियांत्रिकी यांतून या धंद्यात आलेली माणसे आजही थोडी नाहीत. हिशेब मात्र केव्हा ना केव्हा शिकावाच लागतो.

सावध राहावयाचे ते जाहिरातींपासून. पदवीच्या नावातच इन्व्हेस्टमेंट बँकिंग घालून लाखोंचे शुल्क आकारणाऱ्या खाजगी अभ्यासक्रमांची पत्रके जगविख्यात बँकांच्या बोधचिन्हांनी भरलेली असतात. पण त्या बँकांची बंगळूर, हैदराबाद आणि गोरेगाव येथील मोठमोठी कार्यालये प्रामुख्याने संगणकप्रणाली, व्यवहारांची नोंद आणि संशोधनसाहाय्य यांची आहेत. तेथील नोकरी सन्मानाची असेल, पगारही बरा असेल, परंतु सौदे करणारी छोटी पथके बहुधा वांद्रे-कुर्ला संकुलात बसतात, आणि एका दालनातून दुसऱ्यात जाणे सोपे नसते. पत्रकातील सर्वांत मोठा पगार किती, याऐवजी मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाला आणि तो कोणत्या विभागात रुजू झाला, हे पालकांनी लेखी मागावे. उत्तर देण्यास संस्था टाळाटाळ करू लागली, तर त्यातून काय ते उमजावे.

दोष पेढ्यांचाही आहे. ताळेबंद वाचता येतो की नाही याची खुली परीक्षा नागपुरात किंवा सोलापुरात घेण्यास त्यांना फारसा खर्च येणार नाही. पण चाळण्याचे काम दुसऱ्याने आयते करून दिलेले असताना ती तसदी कोण घेतो? ही प्रथा बदलेपर्यंत मध्यमवर्गीय घराने आपला पैसा कोठे ओतावा, याचा हिशेब मला तरी सरळ दिसतो. अहमदाबाद, बंगळूर वा कलकत्ता येथील दोन वर्षांचे शुल्क आज वीस लाखांच्या वर आहे, आणि अशा संस्थांसाठी राष्ट्रीयीकृत बँका तारणावाचूनही कर्ज देतात. बजाज संस्थेचे शुल्क त्याच्या निम्म्याहूनही कमी असून तेथे राज्याच्या सामायिक परीक्षेतून जाता येते. तेव्हा पदवीसाठी जमीन गहाण टाकू नये. गावाजवळचे, हिशेब नि गणित नेटाने शिकविणारे महाविद्यालय घ्यावे, गुण राखावेत, सोबत लेखापालाच्या परीक्षेची तयारी करावी, आणि वाचलेली रक्कम मुलाच्या मुंबईतील आर्टिकलशिपच्या काळातील खोलीच्या भाड्यासाठी ठेवावी. कारण त्या काळात मिळणाऱ्या विद्यावेतनात ते भाडे निघत नाही.