‘घराण्यातच आहे’ म्हणून किती दिवस?

राजिवड्यात, मिरकरवाड्यात कुणाकडेही बीपीचा विषय काढा, उत्तर ठरलेलं असतं: “आमच्या घराण्यातच आहे.” आजीला होतं, अब्बांना झालं, आता मला. वजनाचंही तसंच. माझी खाला तर गोळी सुरू करायलाच तयार नव्हती. जे रक्तात आहे ते गोळीने जाणार आहे का, असा तिचा सवाल होता.

तिचं निम्मं म्हणणं खरं आहे. जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतल्या रक्तदाबाच्या फरकापैकी साधारण ३० ते ५० टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता येतो. वजनाच्या बाबतीत तर त्याहूनही जास्त. मात्र हे एका जनुकाचं काम नाही. शेकडो जनुकं असतात आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. शिवाय जनुकं एकटी काही करत नाहीत. वजनाशी संबंध असलेलं एफटीओ हे जनुक २००७ मध्ये चर्चेत आलं. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या कुटुंबांची जुनी माहिती तपासली गेली. १९४२ च्या सुमारापूर्वी जन्मलेल्यांत या जनुकाचा वजनावर परिणाम जवळपास दिसलाच नाही. त्यानंतर जन्मलेल्यांत मात्र ठळक दिसला. जनुक तेच होतं, भोवतालचं जगणं बदललं होतं.

त्याहून आपल्या जवळचं उदाहरण आहे. पंजाबातून पश्चिम लंडनला गेलेली माणसं आणि गावीच राहिलेली त्यांची भावंडं यांची तुलना १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. लंडनवाल्यांचं वजन जास्त, कोलेस्टेरॉलही जास्त. एक भाऊ कुवेतला, दुसरा गावी, अशी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. आपण कधी मोजलं नाही, एवढंच.

घराण्यातून येतं ते फक्त रक्त नसतं, स्वयंपाकघरही येतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा आपल्या ताटात सुकट, बोंबील, खारवलेला बांगडा, सोबत लोणचं-पापड, आणि संध्याकाळी चहाबरोबर बेकरीची खारी. चमचा दुपारीच संपतो. सुकं खाऊच नका, असं मी म्हणणार नाही, कोकणात कुणी ऐकणारही नाही. पण पाण्यात भिजवून, दोनदा पाणी बदलून मग शिजवलं तर बरंच मीठ निघून जातं. चवीची तक्रार आठवडाभर होईल.

मीठ कमी करणं त्यामानाने सोपं. चालण्याचं काय? आखातातून पैसा आला, घरं पक्की झाली, ते चांगलंच झालं. पण शेत पडीक राहिलं आणि बाजाराला रिक्षा आली. पुरुष फजरनंतर भाट्याच्या किनाऱ्यावर फेरी मारून येतो, त्याला कुणी काही विचारत नाही. बाई सकाळी एकटी निघाली की चार खिडक्यांतून प्रश्न येतो, “कुठं निघालीस गो?” रुग्णालयाला जाते म्हटलं की चालतं, रुग्णालयात जावं लागू नये म्हणून चालते म्हटलं की चालत नाही! नवरा वर्षानुवर्षं परदेशात, सासू-सासऱ्यांचं दुखणं, मुलांच्या शाळा, सगळं तिच्या एकटीवर. हे सगळं तिच्या जनुकांच्या माथी मारणं ही आपली सोय आहे.

आणि ही गोष्ट जन्माच्याही आधी सुरू होते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. पण ही हडकुळी बाळं चरबीत तेवढी मागे नव्हती. कमी होते ते स्नायू. आईच्या पोटातलं पोषण हाही समाजाने दिलेला वारसाच. ताटातलं उरलंसुरलं शेवटी खाणारी मुलगी उद्याची आई असते, हे आपल्या जमातीच्या बैठकीत कधी बोललं गेल्याचं मला आठवत नाही. दावतीत किती देग शिजवायचे, यावर मात्र तासभर बोलतो.

तिशीनंतर रक्तदाब तपासणं सरकारी कार्यक्रमात आहे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. घराण्यात बीपी असेल तर तपासणी लवकर करायची, हाच त्या वाक्याचा खरा अर्थ. जमातीच्या हॉलमध्ये एक यंत्र, एक वही, आणि बायकांसाठी आठवड्यातली एक वेगळी वेळ, एवढं ठेवायला मोठा निधी लागत नाही. शाळेचं मैदान सकाळी तासभर बायकांना मागून घेता येईल. त्यासाठी मात्र चार पुरुषांनी तोंड उघडावं लागेल.

खाला आता गोळी घेते. फिरते पण अंगणातच, फणसाला फेऱ्या घालत. रस्त्यावर अजून आलेली नाही.