थबकलेला काटा

जबलपूरच्या बडा फुहारा चौकातील खोव्याच्या जिलेबीकडे निग्रहाने पाठ फिरवूनही काही महिन्यांनी वजनकाट्याचा आकडा हलेनासा होतो आणि मन खचते. वस्तुतः हे अपयश नव्हे. कर्जाचे मुद्दल घटले की व्याजही घटते. तद्वत शरीर हलके झाले की त्याची ऊर्जेची गरजही कमी होते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ तरुण स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात, अर्धपोटी राहिलेले शरीर खर्चाचा हातही आखडता घेते, असे आढळले. म्हणूनच अशा वेळी उपासमार वाढविणे हा माझ्या मते उपाय नव्हे. आहाराचा हिशेब नव्याने मांडावा, ताटात डाळी-उसळी वाढवाव्यात, स्नायूंना व्यायाम द्यावा, पुरेशी झोप घ्यावी. घटलेले वजन पुन्हा न वाढणे, हीदेखील शिल्लकच होय, ती जपावी.