एका युनिटचा डबा

सध्या ज्याची जोरात जाहिरात चालू आहे, तो मध्यम आकाराचा पोर्टेबल पॉवर स्टेशनचा डबा साधारण १००० वॉट-अवरचा असतो. हजार वॉट-अवर म्हणजे एक युनिट. वीजबिलातलं तेच ते युनिट, जे वडापावच्या पैशांत तारेतून घरात येतं. ते हँडल धरून इकडून तिकडे नेता यावं म्हणून आपण अर्धा लाख, कधी त्याहूनही जास्त मोजायला तयार होतो. यात वेडेपणा आहेच असं नाही. लाईट गेल्यावर त्या एका युनिटची किंमत ज्याची त्याला ठाऊक असते. पण आपण नेमकं काय विकत घेतोय हे तरी घेणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि माझी तक्रार अशी की ते कळू नये अशीच सगळी मांडणी असते.

वळिवाचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो : बॅटरी किती वर्षं टिकेल? कंपन्यांना हा प्रश्न फार आवडतो, कारण उत्तर खोक्यावर ठळक छापून तयार असतं. '३००० सायकल'. कुणी ३५०० छापतो, कुणी ४०००. पूर्ण भरलेली बॅटरी पूर्ण वापरली की एक सायकल झाली. आज निम्मी आणि उद्या निम्मी वापरली तरी दोन्ही मिळून एकच. तीन हजारांनंतर बॅटरी मरते असंही नाही. तिच्यात पूर्वीच्या साधारण ऐंशी टक्के वीज मावते, एवढाच त्याचा अर्थ. आणि हा आकडा काढलेला असतो प्रयोगशाळेत, पंचवीस अंशांच्या आसपासच्या सुखद हवेत.

आता आपल्या घरातला हिशेब करू. आठवड्यातून एकदा लाईट जाते आणि दर वेळी डबा पूर्ण रिकामा होतो असं धरलं, तर वर्षाला पन्नास सायकल. तीन हजार भागिले पन्नास म्हणजे साठ वर्षं! डबा नातवंडांच्या वाटणीत येणार. यावर कुणीच विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. घरगुती वापरात ही बॅटरी सायकलींनी झिजत नाही, ती बसून बसून म्हातारी होते. नुसता काळ जातो तशी तिची क्षमता उतरते. हवा गरम असेल तर भरभर उतरते. आणि गरम हवेत ती शंभर टक्के भरून ठेवली असेल तर आणखीच. सायकलींचा आकडा खरा कामाचा आहे तो डबा रोज रिकामा करणाऱ्याला. लग्नसराईत फ्लॅश आणि लाईट चालवणारा फोटोग्राफर, संध्याकाळी खाण्याची गाडी लावणारा, सर्व्हेवर फिरणारी टीम. त्यांना तीन हजार सायकली म्हणजे आठ वर्षं, आणि तो हिशेब बऱ्यापैकी जमतो.

तरीसुद्धा आत कुठली बॅटरी आहे हे विचारावंच. दोन जाती मुख्य. एक निकेल-मँगनीज-कोबाल्टची, वजनाला हलकी, पण बहुधा पाचशे ते आठशे सायकलींत थकणारी. दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, दुकानातल्या भाषेत 'एलएफपी'. हिचा शोध टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लागला. १९९७ मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर पहिलं नाव होतं अक्षय पाधी यांचं. गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी नोबेल मिळालं. पाधींचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावरून गेलेलं नाही. एलएफपी जड असते. एका युनिटचा डबा दहा-चौदा किलोंचा भरतो, म्हणजे 'पोर्टेबल' हा शब्द ज्याच्या त्याच्या पाठीवर अवलंबून. पण ती सहजासहजी भडकत नाही. माणसं झोपतात त्या घरात ठेवायची वस्तू एलएफपीचीच असावी, यावर माझं मत ठाम आहे. दोन-तीन किलो वाचवण्यासाठी दुसरी घेऊ नये.

टिकण्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर, म्हणूनच, खोक्यावर नाही, तुमच्या घरात डबा कुठे ठेवलाय त्यात आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तिथे पोटमाळ्यावर, पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत ठेवलेल्या डब्याचं आयुष्य सायकल न मोजताच आटतं. घरातली सगळ्यात गार, कोरडी जागा त्याला द्यावी. बराच काळ ठेवून द्यायचा असेल तर निम्म्याच्या आसपास भरून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी बघा, असं माहितीपुस्तिका सांगते. पण अडीअडचणीला म्हणून घेतलेली वस्तू निम्मी रिकामी कशी ठेवायची? माझा तोडगा असा : एप्रिलच्या मध्यापासून परतीचा पाऊस सरेपर्यंत ऐंशी-नव्वद टक्के, आणि दिवाळीनंतर साठावर आणून ठेवून द्यायचा. अधूनमधून मात्र एकदा पूर्ण शंभरापर्यंत भरावा. एलएफपीचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास सपाट राहतो, त्यामुळे आतल्या मीटरचा अंदाज हळूहळू चुकत जातो. पडद्यावर तीस टक्के दिसत असताना डबा अचानक मान टाकतो तो त्यामुळेच.

आता दुसरा प्रश्न, जो पत्रांत कमी येतो आणि लाईट गेल्यावर सगळ्यात आधी पडतो. एका भरणीत किती तास?

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका दुकानात मी एक छोटा डबा बघत होतो. "काका, एक लाख वीस हजार एमएएच आहे, दिवसभर बघायला नको," विक्रेता म्हणाला. वॉट-अवर किती, विचारल्यावर त्याने डबा उलटा केला. तळाच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरांत होतं : ४४४ वॉट-अवर. एक लाख वीस हजार आणि चारशे चव्वेचाळीस, दोन्ही आकडे खरे. सेलचा व्होल्टेज ३.७ धरून गुणाकार केला की तेच उत्तर येतं. फक्त एक आकडा पुढच्या बाजूला हाताएवढा छापलेला आणि दुसरा तळाशी. एमएएच हे मोबाइलच्या दुनियेतलं माप. अशा डब्यावर ते छापण्याचं शून्यांची संख्या वाढवण्यापलीकडे काही कारण मला दिसत नाही.

छापलेले वॉट-अवरही सगळे हाती लागत नाहीत. बॅटरीतली डीसी वीज भिंतीतल्यासारखी एसी करताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात, त्यामुळे हजाराचे साडेआठशे धरावेत. साधा पंखा पंच्याहत्तर वॉट, बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस, एलईडी दिवा नऊ, लॅपटॉप पन्नास-साठ. इथपर्यंत भागाकार सोपा आहे. खरी गंमत फ्रिजपाशी येते, आणि बहुतेकांना डबा हवा असतो तो फ्रिजसाठीच.

दापोली तालुक्यातल्या मावशीच्या घरी असा डबा फ्रिजला लावून मी त्याच्या पडद्यासमोर बराच वेळ बसलो होतो. कॉम्प्रेसर सुरू होताना आकडा एकदम काहीशेवर उडी मारायचा आणि लगेच शंभर-सव्वाशेवर येऊन स्थिरावायचा. थोड्या वेळाने कॉम्प्रेसर बंद, आकडा शून्य. पण टक्के उतरतच होते. "अरे, फ्रिज तर गप्प आहे, मग वीज खातंय कोण?" मावशीने विचारलं. खात होता तो डबा स्वतः. एसीचं बटण चालू असेपर्यंत आतला इन्व्हर्टर जागा असतो आणि जागं राहण्यासाठीच त्याला दहा-पंधरा वॉट लागतात. चोवीस तासांत ते होतात अडीचशे ते साडेतीनशे वॉट-अवर. म्हणजे एका युनिटातला पाव ते तिसरा हिस्सा डब्यानेच गिळला!

तुमच्या फ्रिजवर ताऱ्यांचं लेबल असेल, त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. समजा २४०. भागिले ३६५, दिवसाला साधारण ०.६५ युनिट. दुकानदार म्हणेल, एका युनिटच्या डब्यावर दीड दिवस आरामात. वरचं नुकसान आणि हा जागरणाचा खर्च मिळवला की उरतो जेमतेम एक दिवस, तोही फ्रिज कमी उघडला तर. वाय-फायच्या राउटरचं तर आणखी मजेशीर. तो स्वतः दहा वॉटच खातो, पण एसी सॉकेटवर लावला तर डबा त्याच्यापायी वीस-पंचवीस खर्च करतो. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि बहुतेक डब्यांना १२ व्होल्टचं डीसी तोंड असतं. ॲडॉप्टरवरचा आकडा बघून योग्य पिन आणली, तर राउटर जवळपास दुप्पट वेळ चालतो.

आणि हो, छताचा पंखा या डब्यावर चालत नाही, कारण त्याची वायर भिंतीत गेलेली असते. यावर लोकांनी काढलेला उपाय पाहून अंगावर काटा येतो. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करायची, एक टोक डब्यात, दुसरं भिंतीच्या सॉकेटमध्ये, की सगळं घर उजळलं. मेन स्विच बंद करायचं राहून गेलं, तर ही वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून ती उलट्या दिशेने गेली की व्होल्टेज वाढतो, आणि लाईट गेली म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाताशी ती येऊ शकते. मध्येच महावितरणची वीज परत आली तर डबा जळतो, आणि घाईत वायर उपसली तर उघड्या पिना हातात येतात. अशी वायर जो इलेक्ट्रिशियन करून देईल, त्याला पुन्हा घरात घेऊ नये.

३ जून २०२०ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर निसर्ग वादळ आलं, त्यानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या प्रसंगाची आठवण काढून हे डबे खपवले जातात. तशा संकटात एका युनिटने फ्रिज चालवायला घेतला तर दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. तेच युनिट फक्त फोन भरायला वापरलं तर चाळीस-पन्नास फोन सहज भरतात, म्हणजे अख्ख्या वाडीची निकड भागते. सोबत सोलर पॅनेल घेणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की दोनशे वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दीडशेच्या आतबाहेर देतं आणि कोकणातल्या आषाढात त्याचा भरवसा नाही. गच्चीवरच्या मोठ्या पॅनेलची तार थेट डब्यात खुपसायच्या आधी डब्याला किती व्होल्ट चालतात ते वाचावं. छोट्या डब्यांची मर्यादा एकाच मोठ्या पॅनेलने ओलांडली जाऊ शकते.

मग घ्यावा की नाही? स्वतःचं घर आहे, लाईट तासा-दोन तासांसाठी जाते आणि पंखे-दिवे चालले की झालं, अशा कुटुंबाने हा डबा घेऊ नये. दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून घ्यावा. कागदावर तिच्यात १८०० वॉट-अवर मावतात, ती डब्याच्या निम्म्या किमतीत येते, घराच्या वायरिंगला रीतसर जोडली जाते. डिस्टिल्ड वॉटर घालायचा कंटाळा आणि चार-पाच वर्षांनी नवी बॅटरी, हे तिचे तोटे मान्य. डबा घ्यावा भाड्याच्या घरात राहणाऱ्याने, वीज न पोहोचलेल्या शेतघरावर जाणाऱ्याने, रोज बाहेर काम करणाऱ्याने. घरात श्वासाच्या यंत्रावर कुणी असेल, तर मात्र हिशेब कागदावर मांडूनच. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे वॉटच्या आसपास खातो. एका युनिटच्या डब्यावर तो अडीच तासही चालणार नाही. तिथे भरलेला सिलिंडर हाच पहिला आधार, डबा नंतर.

न्यू जर्सीतला भाचा येताना स्वस्तात आणतो म्हणाला, तर त्याला प्रेमाने नको सांगा. विमानात प्रवाशाला १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी नेता येत नाही, ना हातात ना सामानात. आणि समजा समुद्रमार्गे आलाच, तर तिकडचा डबा १२० व्होल्ट देतो. आपली उपकरणं २३० ची.

इथे घेतानाही पक्क्या बिलाशिवाय हलू नये. बॅटरीवर भारतीय मानक १६०४६चा शिक्का आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधावा. बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की खरा-खोटा कळतो. वॉरंटी किती वर्षांची, यापेक्षा दुरुस्ती कुठे होते हे विचारणं जास्त महत्त्वाचं. आतले सेल एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले असतात, गल्लीतला मेकॅनिक त्याला हात लावत नाही आणि लावूही नये. एवढी मोठी लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला कुरिअरवाले तयार होत नाहीत, तेव्हा 'सर्व्हिस सेंटर दिल्लीत आहे' या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. शिशाची जुनी बॅटरी दिली की दुकानदार नवीच्या किमतीतून पैसे वजा करतो. लिथियमच्या जुन्या डब्याला तसा भाव देणारं दुकान मला अजून भेटलेलं नाही. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. बिल करताना दुकानदाराला विचारा की हा डबा संपल्यावर कुठे आणून द्यायचा, आणि तो पत्ता बिलावरच लिहून मागा.