फुटल्या काचेचा धनी कोण?

लोहाऱ्याहून उमरग्याकडे अथवा जळकोटमार्गे सोलापूरकडे मोटार घेऊन जाणाऱ्या माणसास उसाच्या गळिताचे आणि रस्तादुरुस्तीचे दिवस बहुधा एकदमच गाठतात. पुढे खडीने भरलेला टिपर, त्यावर ताडपत्री नाही. डांबरावर पसरलेली बारीक खडी काम उरकल्यावर कोणी झाडून काढलेली नाही. एक खडा उडतो आणि समोरच्या काचेवर कोळ्याचे जाळे उमटते. टिपर तोवर दिसेनासा झालेला असतो. या काचेचे पैसे कोणी द्यावयाचे, हा प्रश्न पुष्कळांस क्षुल्लक वाटेल. पण भाड्याच्या गाडीतून रुग्णांना सोलापूरच्या दवाखान्यांत पोचविणे हीच ज्याची रोजी आहे, त्यास काही हजारांचा हा फटका क्षुल्लक नाही; शिवाय गाडी उभी राहते, त्या दिवसांचे भाडे बुडते ते निराळेच.

आजचे व्यवहारातले उत्तर सरळ आहे : ज्याची काच, त्याचा खर्च. कायद्याने सक्तीचा केलेला विमा दुसऱ्याच्या नुकसानीपुरता असतो. स्वतःच्या गाडीसाठी निराळा विमा उतरवावा लागतो. तो असला तर काचेवर घसारा धरीत नाहीत, हे खरे. परंतु खासगी मोटारीच्या मालकास इंजिनाच्या क्षमतेप्रमाणे पहिले 1,000 वा 2,000 रुपये पदरचेच घालावे लागतात, आणि पाच वर्षे दावा न केल्याने 50 टक्क्यांपर्यंत पोचलेली हप्त्यातली सूट एका खड्यापायी गमवावी लागते. टिपरच्या विम्यातून भरपाई मागता येते; मात्र त्यासाठी त्याचा क्रमांक हवा आणि पुरावाही हवा. उडणारा खडा आपला पत्ता मागे ठेवून जात नाही!

मोटार वाहन अधिनियमात 2019 साली दुरुस्ती झाली. गाडीबाहेर डोकावणाऱ्या मालाबद्दल 20,000 रुपये दंड ठरला. तो सरकारजमा होतो, काच फुटलेल्याच्या हाती त्यातील छदामही येत नाही. सदोष रस्त्याबद्दल ठेकेदारास एक लाखापर्यंत दंडाची तरतूद त्याच वेळी झाली. पण ती मृत्यू वा अपंगत्व आले तरच लागू पडते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. जीव आधी, काच मागाहून, हा क्रम योग्यच आहे. तरीही मागाहून का होईना, काचेची पाळी यावयास हवी.

आम्ही पूर्वी शाळेत व्याकरण शिकवीत असू. ‘काच फुटली’ हे वाक्य अकर्मक आहे; ‘काच फोडली’ म्हणावयाचे तर फोडणारा दाखवावा लागतो. तक्रारवहीत नेहमी पहिलेच वाक्य का लिहिले जाते, हे उघड आहे.

सर्वच खडे कोणाच्या तरी माथी मारावेत, असे आमचे म्हणणे नाही. स्वच्छ रस्त्यावर, नियमाने चाललेल्या गाडीच्या चाकाखालून एखादा खडा उडाला, तर तो दैवाचा भाग समजून आपल्या विम्यावर भिस्त ठेवावी. परंतु उघडा टिपर हे दैव नव्हे, आणि न झाडलेली खडी तर नव्हेच नव्हे. खडीयंत्राच्या फाटकातून ताडपत्रीवाचून एकही गाडी सुटू नये. तपासणी तेथेच करणे सोपे, महामार्गावर पाठलाग करणे कठीण. रस्त्याच्या कामाच्या हद्दीत काच फुटली, तर खडी झाडल्याचा पुरावा ठेकेदाराने द्यावा आणि तो नसल्यास भरपाईही त्यानेच द्यावी, अशी अट करारातच असावी. कामाच्या फलकावर ठेकेदाराच्या नावाखाली त्याच्या विम्याचा क्रमांक आणि तक्रारीचा दूरध्वनी लिहिण्यास फार तर दोन ओळींचा रंग लागेल. लोहारा तालुक्यापुरता असा हुकूम सार्वजनिक बांधकाम विभागाने पुढील गळिताच्या आधी काढावा.